सायलीला काय सांगू, मेधा?

मेधा, आज सकाळीही उठल्याबरोबर माझा हात सायलीच्या कपाळावर गेला. घाम आलाय का, ते बघायला. तिने झोपेतच माझा हात झटकला, "आई, मी जिती आसंय," असं पुटपुटली आणि कूस बदलली. हे ती तुझ्याकडून शिकली. तुझी आई पहाटे तुझ्या कपाळाला हात लावायची तेव्हा तू असंच म्हणायचीस, हे तूच तिला सांगितलं होतंस. तेव्हा आपण तिघी किती हसलो होतो. आता तुला जाऊन अजून महिना झाला नाही आणि ते शब्द ऐकले की मी उठून चूल पेटवायला जाते.

तू गेल्यावर मला आधी रडू आलं नाही. आधी भीती वाटली. हे कुणाला सांगता येत नाही, म्हणून तुलाच सांगते.

तू भेटायच्या आधीची मी तुला माहीत नाही. सायली आठ वर्षांची होती. शाळेतून आली की घडवंचीवरच्या कळशीला तोंड लावल्यासारखी पाणी प्यायची. फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला होता. सासूबाई म्हणाल्या, "चेडवाक दीष्ट लागली." पोरीवरून मीठमिरच्या ओवाळून झाल्या. मग एका सकाळी तिला उलट्या सुरू झाल्या, आणि तिच्या तोंडाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास यायला लागला. हे होडी घेऊन समुद्रात गेले होते. बंदरावरची जीप करून मी एकटीच तिला घेऊन निघाले. कुडाळच्या डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं आणि सरळ कोल्हापूरला पाठवलं. तिथे कळलं की हिला साखरेचा आजार आहे, मोठ्या माणसांना होतो तसला नाही, लहानपणीच होणारा. रोज दोनदा इन्सुलिनची सुई. जन्मभर.

घरी सोडताना नर्सने एक छापील कागद दिला. भात बंद, बटाटा बंद, केळी बंद, आंबा बंद. मी तिला विचारलं, "अहो, आम्ही आचऱ्याची, समुद्रकाठची, भात खाणारी माणसं. हिने खायचं काय?" ती म्हणाली, "भाकरी आणि कारलं द्या." तिलाही घाई होती, पुढे रांग होती.

मी तेच केलं. नाचणीची भाकरी आणि कारलं, कारलं आणि भाकरी. घरातली बाकीची माणसं मागच्या पडवीत जाऊन भात जेवायची, पोरीच्या डोळ्यांना दिसू नये म्हणून. तिला मात्र वास यायचा. तिसळ्यांच्या, शिंपल्यांच्या सुक्याच्या वासाने ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहायची आणि परत जायची. वीज तेव्हा तासन्‌तास नसायची. फ्रिज बंद पडला की मी इन्सुलिनची बाटली ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवायची आणि दर थोड्या वेळाने हात घालून बघायची, गार आहे का. मडकं फुटलं तर, मांजराने पाडलं तर, वाळू सुकली तर. माझा सगळा दिवस अशा 'तर'मध्ये जायचा.

तू मला सापडलीस ती मालवणच्या बाजारातल्या सायबरमध्ये. सायलीला डॉक्टरांना दाखवून आले होते. एस.टी.ला वेळ होता. तिथे काम करणाऱ्या मुलीला म्हटलं, बाय, लहान पोरांच्या साखरेबद्दल मराठीत काही असलं तर बघ. तिने दोनचार पानं उघडून बंद केली आणि एका पानावर थांबली. वर नाव होतं, 'मापटं'. खाली फोटो. एका पितळी ताटात बांगड्याचं तिखलं, त्यात वर आलेली दोन तिरफळं, एक वाटी लाल भात, शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि कडेला आंब्याची एक फोड. त्याखाली तू लिहिलं होतंस, 'आज दुपारचं माझं जेवण. मी आठ वर्षांची असल्यापासून इन्सुलिन घेते. आता माझी चाळिशी जवळ आलीय.'

मी ते परत परत वाचलं. बाजूच्या खुर्चीवर सायली पाय हलवत बसली होती. मी तिला काही म्हटलं नाही. फक्त त्या मुलीला म्हटलं, इथे काही लिहायचं असेल तर कसं लिहितात? तिने माझ्यासाठी टाइप केलं, 'ताई, माझी मुलगी आठ वर्षांची असताना कळलं. आम्ही आचऱ्याचे. तिला भात देऊ का?'

तू लिहिलंस, 'मी मसुऱ्याची. तुमचा फोन नंबर द्या.'

आणि फोनवर तुझं पहिलं वाक्य असं, जसं काही आपण रोज विहिरीवर भेटत होतो. "काय गो, भात देवक इतक्या लांबच्या माणसाक इचारतंस? शेजारीच तर मसुरा आमचा."

मग तू मला रांधायला शिकवलंस. मी जन्मापासून रांधत होते, तरी. वाटणातलं खोबरं अर्धं करून काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याला तीच चव कशी आणायची. नाचणी आणि तांदूळ मिसळून जाळीदार घावणे कसे काढायचे. सुरमई तेलात पोहवण्याऐवजी तव्यावर झाकण ठेवून कशी भाजायची. कुळथाची पिठी तर तू इतक्या प्रेमाने लिहायचीस की वाचणाऱ्या शहरातल्या बायका कुळीथ कुठे मिळतात म्हणून विचारत सुटायच्या. दुसऱ्या बायकांचे ब्लॉगही तू मला वाचायला सांगायचीस. एक नागपूरची होती, ज्वारीचे प्रकार लिहायची. एक दुबईहून लिहायची, तिला तू ओट्सवरून चिडवायचीस. तुम्ही सगळ्या मीठ-तिखटासारखं एकमेकींचं लिहिलेलं वाटून घ्यायचात. पण तुझ्या पानावर एक शब्द कधी आला नाही, 'पथ्य'. तू लिहायचीस, 'जेवण'.

बाकी दिवसभर तू पुण्यात एका छापखान्यात मुद्रितं तपासायचीस आणि संध्याकाळी आपल्यापुरतं रांधायचीस. लग्न झालं नव्हतं तुझं. हे कळल्यावर मी तुला, लाज सोडून, विचारलं होतं, आजारामुळेच का? सायलीचंही असंच होईल का? तू फोनवर एवढी मोठ्याने हसलीस की मला रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. "धा वर्साच्या चेडवाच्या लग्नाची काळजी? आधी आज रातच्या जेवणाचा बघ गो!"

ते हसणं मला आवडायचं आणि रागही यायचा. तुला सगळं सोपं वाटतं, असं मला वाटायचं. मी इथे सुई, घाम, थरथर, शाळेतून येणारा निरोप यात बुडालेली, आणि तू तिकडून सांगणार, थोडो श्वास घे.

तो आंब्याचा दिवस तुला आठवत असेल. मे महिना होता. सायलीची साखर दोन दिवस कशानेच खाली येत नव्हती. मी सुई वाढवली, डॉक्टरांना फोन केले, घरातली चिमूटभर साखरसुद्धा कुलपात ठेवली. मग केर काढताना तिच्या खाटेखाली हात गेला आणि आंब्याच्या बाठी हाताला लागल्या. चोखून पांढऱ्या केलेल्या. एका जुन्या फडक्यात बांधून ठेवलेल्या.

मी तुला फोन लावला. मी नुसतं म्हटलं, "ती चोरून खातेय, मेधा. ती मरेल."

त्या दिवशी तू हसली नाहीस. माझं सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "तिका ओरडा नको हां. आधी माजा ऐक." आणि तू मला ते सांगितलंस, जे ब्लॉगवर कधी लिहिलं नव्हतंस. "मी तिच्याएवढी होतंय तेव्हा शेजारच्या घरात जावन खापरोळी चोरून खायचंय. गुळातली, रसातली. माका घरात भात बंद होतो. सगळी माणसा माज्यापासून लपान जेवायची. माका वाटायचा, माका टाकल्यानी. भूक लागल्यार आणि टाकल्यासारख्या वाटल्यार माणूस चोरी करतलाच गो."

"मग मी काय करू?"

"उद्यापासून तिच्या ताटात आंबो वाढ. एक फोड. तेवढो भात कमी कर. डॉक्टरांक इचारून घे, माज्यार जाव नको. पण वाढतलंस ता सगळ्यांच्या पंगतीक."

दुसऱ्या दिवशी घरातले सगळे एका पंगतीत बसले, मी वाढायला उभी, मागची पडवी बंद. सायलीच्या ताटात आंब्याची एक फोड होती. ती त्या फोडीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मग तिने ती फोड सगळ्यात शेवटी खाल्ली, इतकी हळू, की सासूबाई पदर डोळ्यांना लावून उठून गेल्या. त्यानंतर खाटेखाली मला कधी बाठ सापडली नाही. मी बघते अजून, खोटं कशाला बोलू. पण सापडली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तू आलीस. मसुऱ्याला तुझ्या आईकडे, माईंकडे, चार दिवस राहून आमच्याकडे आलीस. एस.टी.तून उतरलेली तू माझ्या मनातल्यापेक्षा बारीक होतीस, आणि तुझे केस कानांच्या वर पूर्ण पांढरे झाले होते. सायली पडवीच्या खांबाआडून तुला बघत होती. मग धावत आत आली आणि माझ्या कानात म्हणाली, "आई, मावशीचे केस पिकलेहत!"

मी तिला गप्प करणार होते. मग तिचा चेहरा दिसला. इतका आनंद मी तिच्या तोंडावर आजारानंतर बघितला नव्हता. तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं की या आजाराच्या माणसाचे केस पिकू शकतात. मीही नाही. माझाच त्यावर विश्वास नव्हता.

जेवायच्या आधी तू चुलीसमोर पाटावर बसून, बोलता बोलता, पोटात सुई घेतलीस. आडोसा नाही, हळूच नाही. सायली डोळे मोठे करून बघत होती. तू तिला म्हटलंस, "बघतंस काय? तुजी खंय आसा? आण हंयसर, दोघी घेवया." त्या दिवशी तिने पहिल्यांदा स्वतःच्या हाताने सुई घेतली. माझे हात पुढे जात होते आणि तू डोळ्यांनी मला थांबवत होतीस. तिसळ्यांचं एकशिपी, एका शिंपीवर ठेवलेलं सुकं, तुम्ही दोघींनी मिळून केलंत. भात वाटीने मोजला. तू पीठ मळताना तिने तुला विचारलं, "मावशी, तू म्हातारी होतलंस?"

तू म्हणालीस, "बघूया. प्रयत्न चालू आसा."

मी तेव्हाच ओळखायला हवं होतं का? मी तुझे पाय बघितले होते, मेधा. तू न्हाणीघरातून आलीस तेव्हा चपलेच्या पट्ट्यांचे वळ पायांवर खोल उमटलेले होते. जेवताना तू आमटी बाजूला सारलीस, मीठ मागितलं नाहीस. मी विचारलं तर म्हणालीस, "प्रवासान सुजले." मी गप्प बसले. तू सांगितलेलं मला हवंच होतं, त्यापलीकडचं काही नको होतं. तू ठीक असणं ही माझी गरज होती.

गेल्या पावसाळ्यात तुझा फोन आला. तू म्हणालीस, डायलिसिस सुरू झालंय. किडनी गेल्या दोन वर्षांपासून खालावत होती. आठवड्यातून दोन दिवस छापखान्यातून सुट्टी घ्यावी लागते. हे तू असं सांगितलंस जसं विजेच्या बिलाबद्दल सांगतात.

आणि मी तुझ्यावर चिडले. तू आजारी होतीस आणि मी चिडले. पण तू समोर असतीस तर आजही चिडले असते, म्हणून लिहिते. मी म्हटलं, दोन वर्षं तू लपवलंस. त्या सगळ्या आया रोज तुझं पान उघडून बघतात. त्यांना वाटतं, असं रांधलं, असं मोजलं, की आपलं पोर सुखरूप राहील. तू त्यांना फसवलंस. मला फसवलंस.

"मी खंय लिवलंय, सगळा बरा होतला म्हणान?" तुझा आवाज पहिल्यांदाच चढला होता. "मी लिवलंय, जेवक येता. येवढाच लिवलंय मी. भियान उपाशी रवा नकात, जेवक येता. ता खोटा आसा काय?"

मी म्हटलं, "पण शेवटी काय होतं ते नाही लिहिलंस."

"शेवटी काय होता ता सगळ्यांकच म्हायत आसता, वीणा. ता कोण वाचूक येणा नाय."

पावसाचा आवाज तुझ्या बाजूनेही येत होता. फोन ठेवताना तू म्हणालीस, सायलीला आत्ताच सांगू नको. "माका जरा बरा वाटांदे. मी येतंय आचऱ्याक आणि मीच सांगतंय तिका. तू सांगतलंस तर भियावतलंस."

मी 'बरं' म्हटलं. त्यानंतर आपण बऱ्याचदा बोललो, पण ते भांडण आपण तसंच झाकून ठेवलं. तू ब्लॉगवर भोपळ्याच्या घारग्यांचं लिहिलंस, गूळ कमी घालून. मी त्याखाली लिहिलं, 'छान झाले.' मी ते केलेही नव्हते.

तुझ्या भावाचा फोन आला तेव्हा मी बांगडे साफ करत होते. हात धुऊन फोन घ्यायला जरा वेळ लागला. तो म्हणाला, "मेधा गेली." मी म्हटलं, "खंय गेली?" खरंच म्हटलं असं. मग तो रडायला लागला.

सायली शाळेत होती. ती येईपर्यंत मी सगळे बांगडे साफ केले, हळद-मीठ लावून ठेवले, आणि ठरवलं की तिला सांगायचं नाही. नुसतं 'मावशी पुण्याला आहे' म्हणायचं. एक दिवस गेला, दुसरा गेला. ती विचारायची, मावशीने नवीन काही लिहिलं नाही? मी म्हणायची, कामात असेल. तुझ्यावर लपवल्याचा राग धरणारी मी, तेच करत होते, आणि तुझ्याइतक्या हसऱ्या चेहऱ्याने मला ते जमतही नव्हतं.

मसुऱ्याला माईंना भेटायला मी एकटीच गेले. त्या मागच्या दारी बसून होत्या, पुढ्यात नारळ तसाच पडलेला, सोललेला नाही. मी त्यांच्याजवळ बसले. त्या बोलायला लागल्या, माझ्याकडे न बघता.

"डाक्टरान सांगल्यान होता, ह्या चेडू बारा वर्साचा पण होवचा नाय. तेव्हा मशीन नव्हता, काय नव्हता. काचेची सुई पाण्यात उकळायची. मी तिका खावकच देय नाय होतंय. माका वाटायचा, खावक दिलंय तर मरात. नाय दिलंय तर उपाशी मरात. मगे ती पुण्याक गेली, आपला आपण रांधूक लागली." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तिच्या घराक गेलंय तर ताट असा भरलेला. मी रडलंय. मी म्हटलंय, गो, तू मरतलंस. ती म्हणाली, आये, मी तर आता जेवक लागलंय."

एस.टी.त परत येताना मी तिची वर्षं मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. बारा वर्षांचीही होणार नाही म्हटलेली मुलगी. तिचे केस मी स्वतः बघितले होते.

ज्या संध्याकाळी सायलीने विचारलं, ती वेळ मी निवडलेली नव्हती. तिने नुकतीच सुई घेतली होती. ताट पुढ्यात होतं. भाकरी, वाटीभर भात, पापलेटची आमटी. हे होडी लावून येऊन हातपाय धूत होते. ती घासाला हात लावता लावता थांबली.

"आई, मावशी गेली मां?"

शाळेत कुणा मैत्रिणीची आजी मसुऱ्याची, तिच्याकडून कळलं होतं. किती दिवसांपासून कळलं होतं, मला माहीत नाही.

मी म्हटलं, "होय."

"आमच्याच दुखण्यान?"

तुझा आवाज माझ्या कानात होता, तू सांगतलंस तर भियावतलंस. पण तू येणार नव्हतीस. मी म्हटलं, "होय. साखरेन तिची किडनी खराब केल्यान."

"माजी पण करतली?"

"माका म्हायत नाय, सायली. तिच्या लहानपणी साखर मोजूचा मशीन नव्हता. तुज्याकडे आसा. डॉक्टर म्हणतत, नीट रवलंस तर बरा रवतलंस. पण खरा सांगूचा तर माका म्हायत नाय."

तिने ताट पुढे ढकललं. "मग मोजून मापून जेवान काय उपेग? मावशी तर आखो जन्म मोजून जेवली."

मेधा, सुई तिच्या पोटात गेलेली होती. इन्सुलिनला काही माहीत नसतं की पोरगी रुसली आहे. ते रक्तातली साखर उतरवत राहणार. मी घड्याळ बघितलं. मी साखरेचं पाणी करून ठेवलं. हे येऊन तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, "जेव गो बाय, रडा नको." ती रडतही नव्हती. ती नुसती भिंतीकडे बघत होती. मला वाटलं ओरडावं, तोंड धरून कोंबावं. तिच्या ओठावर घाम दिसतोय का, बोटं थरथरतायत का, हे मी चुलीच्या उजेडात शोधत होते.

आणि मला दुसरं काही सुचलं नाही, म्हणून मी तिला माईंनी आणि तू सांगितलेलं सगळं सांगितलं. जसंच्या तसं. काचेची सुई. बारा वर्षांचीही होणार नाही म्हणालेला डॉक्टर. लपून जेवणारी माणसं, शेजारची खापरोळी. पुण्यातलं भरलेलं ताट. मी म्हटलं, "ती मरूची होती तुज्यापेक्षा लहान असताना. त्यानंतरचा सगळा तिणा रांधून मिळवल्यान."

सायलीने मान वर केली. मग विचारलं, "खापरोळी चोरून खाल्ल्यान मावशीन?"

"होय."

"माज्या आंब्यासारखा?"

"होय."

तिच्या तोंडावर काहीतरी हललं. तिने ताट स्वतःकडे ओढलं. भाकरीचा तुकडा मोडला. पहिला घास घशातून खाली जाताना मी बघितला. त्यानंतर ती रडायला लागली, जेवता जेवता, नाक पुसत, आमटीत अश्रू पडत होते आणि ती जेवत होती. ह्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला होता. मी साखरेचं पाणी हातात घेऊन उभीच होते, ती आचवून येईपर्यंत.

त्यानंतर सगळं सोपं झालं, असं तुला वाटू नये. ती आता सारखे प्रश्न विचारते. डायलिसिसला किती वेळ लागतो, दुखतं का, मावशी एकटी जायची का. ज्याचं उत्तर मला माहीत असतं ते देते. ज्याचं नसतं ते डॉक्टरांना विचारायला आम्ही दोघी मिळून जातो. परवा लघवीची नवी तपासणी करून घेतली. अहवाल यायचा आहे. मला त्या अहवालाची इतकी धास्ती आहे की पोस्टमन दिसला तरी मी दारात धावते, आणि अहवाल पोस्टाने येणारच नाहीये.

आपल्या भांडणाचं सांगू का? मी अजून हरलेली नाही. तू सांगायला हवं होतंस, मेधा. आम्हाला सगळ्यांना. भीती वाटली असती आम्हाला, पण तुझ्याबरोबर वाटली असती. तू जे एकटीने सोसलंस, त्यातला थोडा वाटा मी उचलला असता. एवढं बोलायचं राहिलं. आणि घारगे. ते मी परवा केले. खरंच छान झाले.

काल रविवार. ह्यांनी गेल्या वर्षी आणलेला कॉम्प्युटर सायलीनेच लावला. तुझं पान उघडलं. तू शेवटचं लिहिलेलं तसंच वर होतं आणि त्याखाली एक नवीन प्रश्न आला होता. परभणीच्या कुणा बाईंचा. 'ताई, माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. परवाच कळलं. डॉक्टर जे बोलले त्यातलं काही डोक्यात शिरलं नाही. तो भाकरी मागतोय. देऊ का?'

मी सायलीच्या मागे उभी होते. म्हटलं, तू सर, मी लिहिते. काय लिहिणार होते, मलाच माहीत नव्हतं. ती म्हणाली, "तू नको. मी लिवतंय." एक एक अक्षर शोधत ती लिहीत गेली आणि मी वाचत गेले.

'काकू, मी सायली. मी तेरा वर्षांची आहे. मला आठ वर्षांची असल्यापासून आहे. मेधामावशी आता नाही, म्हणून मी लिहिते. भाकरी द्या. किती द्यायची ते डॉक्टरांना विचारा आणि रोज तेवढीच द्या. आणि तुम्ही त्याच्याबरोबर बसून जेवा. माझी आई माझ्याबरोबर जेवत नाही. ती नुसती माझ्याकडे बघत असते. मग मला घास गिळायची भीती वाटते.'

ती मागे वळली. "पाठवू?"

मी मान हलवली.

दुपार झाली होती, हे अजून बंदरावरून यायचे होते. मी स्वयंपाकघरात गेले आणि दोन पानं वाढायला घेतली.